चार बोटांची फट

“कोणाच्या गाडीत पडलात तुम्ही?” शिरगावकर मॅडमनी विचारलं.

माइकसमोर माझी बायको उभी होती. तिने मागे वळून हॉलभर नजर फिरवली आणि हात लांब करून माझ्याकडे बोट केलं.

“ते काय, चौथ्या रांगेत. खाकी शर्ट. धोंडिराम शेवाळे, बिल्ला नंबर आठशे बारा.”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“नवरा आहे माझा.”

दोनशे माणसं एकदम हसली. माझ्या शेजारी आमच्याच डेपोतला कंत्राटी ड्रायव्हर इलाही मुलाणी बसला होता, तो हसला नाही. मीही हसलो नाही. कारण सुगंधा माझ्या गाडीत पडलीच नव्हती. ती पडली मंगळवारी, आणि मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी असायची.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. सुगंधा जाऊन आता दोन वर्षं होतील. मला सजवून लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

आमच्या शहरात तेव्हा बीआरटी नवीन होती. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी दोन पट्टे, आणि त्यांच्यामध्ये थांबे. थांब्याचा फलाट बसच्या तळाच्या उंचीचा, म्हणजे पायऱ्या चढायच्या नाहीत. घरातून ओसरीत यावं तसं सरळ आत यायचं. बसचं दार उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे. मार्ग रेल्वे स्टेशनपासून जकात नाक्यापर्यंत होता, आठ थांबे. तो पुढे चार किलोमीटर तळेमाथ्यापर्यंत वाढवायचा की नाही, यावर ती जनसुनावणी होती. आम्ही तळेमाथ्याला राहायचो.

सुगंधा महापालिकेच्या दवाखान्यात आया होती. डावा गुडघा गेलेला. साध्या बसच्या तीन उंच पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. नाक्यापर्यंत सहा आसनी रिक्षात अंग चोरून बसायची आणि तिथून बीआरटीने जायची. नोकरीची नऊ वर्षं राहिली होती. बीआरटी गेली तर तिची नोकरी गेली, इतका साधा हिशेब होता.

आणि बीआरटी जायचीच लक्षणं होती. नगरसेवक बेंद्रे सुगंधाच्या आधी बोलले होते.

“रस्त्याचा मधला भाग यांनी अडवला. त्यातून दर दहा मिनिटांनी एक बस जाते आणि बाजूला अख्खं गाव हॉर्न वाजवत उभं असतं. बरं, त्या बसमध्ये तरी माणूस नीट चढतो का? फलाट इथे, बस तिथे. मध्ये दोन फूट खड्डा. चार महिन्यांत नऊ जण पडले. आणि हे म्हणतात, वाढवा. माझं म्हणणं, पट्टे सगळ्या गाड्यांना मोकळे करा.”

मागून एक बाई ओरडली, “तुमच्या गाडीत तुम्ही एकटे, बसमध्ये आम्ही साठ जणी.” पण टाळ्या बेंद्रेंनाच जास्त पडल्या.

परिवहनचे इंजिनिअर म्हणाले, फलाट बरोबर आहेत, ड्रायव्हर चुकतात. आमचे युनियनवाले म्हणाले, ड्रायव्हर बरोबर आहेत, फलाट चुकलेत. एक सल्लागार आला होता, तो म्हणाला, बसला कॅमेरे आणि यंत्र बसवा, दोन वर्षं लागतील. तास गेला. मग सुगंधाचं नाव पुकारलं.

“मंगळवारी माझा पाय त्या फटीत गेला,” तिने सांगितलं. “मांडीपर्यंत. लोकांनी काढला. तरी माझं म्हणणं आहे, बस तळेमाथ्याला आलीच पाहिजे. फक्त जवळ उभी करायला सांगा.”

त्यावर मॅडमनी ड्रायव्हर कोण म्हणून विचारलं, आणि पुढचं वर सांगितलंच.

शिरगावकर मॅडम परिवहनच्या प्रमुख होत्या. बारीक अंगाच्या, आवाज खालचा. हसणं थांबेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, “किती फट चालेल तुम्हाला?”

सुगंधाने उजव्या हाताची चार बोटं जुळवून टेबलावर आडवी ठेवली. “एवढी. एवढ्यात पाय जात नाही.”

“ठीक. शुक्रवारी दहा वाजता चाचणी घेऊ. आठही थांब्यांवर फट चार बोटांच्या आत आली तर तळेमाथ्याचा प्रस्ताव मी स्वतः सर्वसाधारण सभेत मांडीन. एकाही थांब्यावर जास्त आली तर बेंद्रे म्हणतात ते होईल. गाडी शेवाळेच चालवतील.”

“मान्य,” बेंद्रे म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की मला माझी किंमत कळली.

आम्ही घरी आलो. सुगंधाने चहा ठेवला.

“कोणाच्या गाडीत पडलीस?” मी विचारलं.

“तुमच्या.”

“मंगळवारी माझी सुट्टी असते.”

“मग तुमची सुट्टी असताना पडले.”

“मला चार्जशीट मिळेल, सुगंधा. सव्वीस वर्षांत एक डाग नाही माझ्यावर. गाडीला साधा ओरखडा नाही.”

“तेच तर विचारते. सव्वीस वर्षांत ओरखडा का नाही?”

“म्हणजे काय? नीट चालवतो म्हणून.”

“नीट चालवता म्हणून फलाटापासून दोन फूट लांब?” ती कपबशी पुसत म्हणाली. “माझ्याशी तरी खरं बोला. जमत नाही की लावत नाही?”

मी चहा प्यालो. मग सांगितलं. आमच्या डेपोचा जुना नियम होता. गाडी आत आली की फाटकावर तपासनीस चारी बाजूंनी फिरतो. पत्र्यावर ताजा ओरखडा दिसला की ड्रायव्हरला मेमो. तीन मेमोला चौकशी. कंत्राटी असेल तर चौकशीही नाही, दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतात. हा नियम रस्त्यासाठी केलेला, रिक्षावाल्याला घासू नये म्हणून. बीआरटी आली तेव्हा तो तसाच राहिला. फलाटाच्या कडेला लोखंडी पट्टी आहे. जवळ गेलं की घासणार, घासलं की मेमो. फट ठेवली तर कोणी काही म्हणत नाही. मग शहाणा माणूस काय करेल?

सुगंधाने पुसायचं फडकं खाली ठेवलं. “आणि हे तुमच्यातल्या एकानेही हॉलमध्ये सांगितलं नाही.”

“कोण सांगणार? साहेब समोर बसलेले. आणि ड्रायव्हरने कसं म्हणायचं की मला गाडी घासायची परवानगी द्या?”

ती खाडीकाठच्या गावची. तिचे वडील तरीवर लाँच चालवायचे. ती म्हणाली, “आमच्या बाबांची लाँच धक्क्याला लागायची तेव्हा घासायचीच. धक्क्याला जुने टायर टांगलेले असायचे. लाँच टायरावर दाबून धरायची आणि मग माणसं उतरवायची. म्हाताऱ्या, शेळ्या, लग्नाचं वऱ्हाड. लाँचला रंग राहिला नाही म्हणून बाबांना कोणी नावं ठेवली नाहीत. घासू नये म्हणून दोन हात लांब उभे राहिले असते तर अख्खं गाव पाण्यात पडलं असतं.”

“ते पाणी, हा रस्ता.”

“माणसं तीच आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी डेपो मॅनेजर काटकर साहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, मागे झिजलेल्या टायरांचा ढीग पडलाय. चार पट्ट्या कापून फलाटाच्या कडेला ठोकू द्या.

काटकर वाईट माणूस नव्हता. तो फक्त नियमाबाहेर श्वास घेत नसे.

“शेवाळे, टायर भांडार विभागाचे. ते लिलावात जाणार. फलाट स्थापत्य विभागाचे, म्हणजे महापालिकेचे. त्यात खिळा मारायचा तर त्यांचं पत्र लागतं. आणि बस परिवहनची. तुम्ही तीन खात्यांना एका खिळ्यात गाठताय.”

“मग शुक्रवारी मी काय करू?”

“जपून चालवा,” तो म्हणाला. “गाडी नवी आहे.”

शुक्रवारी स्टेशनवर गाडी लावून उभा होतो. मॅडम आल्या, बेंद्रे आले, काटकर आला, टेप घेऊन इंजिनिअर आला. सुगंधा शेवटी आली, दवाखान्याची निळी साडी नेसून. अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ती माझ्या पाठीमागच्या दांड्याला धरून उभी राहिली.

पहिल्या थांब्यावर नशिबाने साथ दिली. इंजिनिअरने वाकून टेप लावली. सुगंधाने आपली चार बोटं फटीत घातली. ती घट्ट बसली.

“बरोबर चार,” ती म्हणाली.

“कशीबशी,” बेंद्रे म्हणाले.

दुसरा थांबा वळणानंतर लगेच येतो. फलाटाची लोखंडी पट्टी समोर दिसली आणि माझे हात आपोआप डावीकडे जायला लागले. मला कळत होतं. सव्वीस वर्षांची सवय माझं ऐकत नव्हती. एक फूट झालं, सव्वा फूट झालं.

मागून सुगंधा हळूच म्हणाली, “अहो, धक्का आलाय. लावा.”

मी स्टेअरिंग उजवीकडे घेतलं आणि धरून ठेवलं.

असा आवाज आला की काटकर सीटवरून उभाच राहिला. पत्रा लोखंडावर घासत गेला. दारापासून मागच्या चाकापर्यंत. माझ्या दातांतून कळ गेली. गाडी थांबली.

“शेवाळे, बॉडी घासली,” काटकर म्हणाला.

“हो साहेब.”

“अहो, नवी बॉडी आहे.”

“साहेब, माणसं आत आहेत. बॉडी बाहेर आहे.”

सुगंधा फलाटावर वाकली. “दोन बोटं,” तिने सांगितलं.

तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर तीन. पाचव्यावर तिचं एकच बोट गेलं. आता मला भीती वाटेनाशी झाली होती. खरं सांगतो, मजा यायला लागली. पहिल्यांदाच कळत होतं की ही एवढी मोठी गाडी किती अचूक नेता येते. आवाजाचाही अंदाज यायला लागला. जोरात घासली म्हणजे वेग जास्त, हलकी घासली म्हणजे बरोबर. सहाव्या थांब्यावर नुसतं खरडल्यासारखं झालं. सातव्यावर जवळजवळ नाहीच. थांब्यांवरच्या लोकांना काहीतरी चाललंय हे कळलं होतं. सातव्यावर एका म्हाताऱ्याने आत पाय ठेवला आणि पुन्हा बाहेर येऊन पुन्हा आत ठेवला. मॅडम म्हणाल्या, “आजोबा, ही चाचणीची गाडी आहे.” तो म्हणाला, “मीही चाचणीच घेतोय.”

आठवा थांबा जकात नाका. तिथे नेहमीच्या गाड्यांची माणसं उभी होती, शंभर तरी असतील. आमच्या डेपोचे दहा-बारा ड्रायव्हर सुट्टी सोडून आले होते. इलाही सगळ्यांत पुढे. मी पट्टीकडे बघितलंच नाही. आरशात फक्त फलाटाची रेघ धरली आणि गाडी तिच्यावर आणून ठेवली.

सुगंधा वाकली. एक बोट घातलं, गेलं नाही. करंगळी घातली, तीही गेली नाही. तिने इंजिनिअरकडे बघितलं.

“टेप जात नाही, मॅडम,” तो म्हणाला.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरांनी तर पत्रे बडवावेत तसे हात बडवले. मी खाली उतरलो. मग गाडीची उजवी बाजू बघितली. दारापासून शेपटीपर्यंत रंग गेला होता, खाली पांढरा पत्रा दिसत होता. आणि त्या पत्र्याशेजारी काटकर उभा होता. त्याने खिशातून मेमोचं पुस्तक काढलं होतं आणि तो लिहायला लागला होता.

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

“मेमो, मॅडम. ओरखड्याला जागेवर द्यावा लागतो. नियम आहे.”

“आत्ता? या ओरखड्याला?”

“ओरखडा कोणता ते नियमात नाही.”

“आणि फट ठेवली तर कोणता मेमो?”

काटकरने जरा विचार केला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “त्याला मेमो नाही, मॅडम. त्याला नियमच नाही.”

मॅडमनी त्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग दहा-बारा ड्रायव्हरांकडे बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे. “तुम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं?”

युनियनचा माणूस बुटाकडे बघत होता.

“द्या ते पुस्तक,” त्या काटकरला म्हणाल्या आणि मेमो माझ्यापुढे धरला. “शेवाळे, यात कारणाची जागा आहे. ओरखडा का आला ते तुमच्या शब्दांत लिहा. हा कागद मला सर्वसाधारण सभेत लागणार आहे.”

मी लिहिलं : माणसं उतरवण्यासाठी गाडी फलाटाला लावली. खाली सही केली. सव्वीस वर्षांतला माझा पहिला मेमो.

बेंद्रे म्हणाले, “फट मिटली, मान्य. माझ्या लोकांच्या रस्त्याचं काय?”

“ते सभेत बोला,” मॅडम म्हणाल्या. “पण आता फटीचं सांगू नका.”

तेवढ्यात इलाही पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. “मॅडम, एक सांगायचंय. त्या मंगळवारी गाडी शेवाळे मामांची—”

“अहो मुलाणी,” सुगंधा मध्येच म्हणाली, “तुमची ड्यूटी अकराची ना? पावणेअकरा झाले. मॅडम, यांना जाऊ द्या, गाडी चुकेल.”

“मामी, मला बोलू द्या.”

“घरी येऊन बोला. मासे करते.”

मॅडमनी दोघांकडे बघितलं. मला वाटतं त्यांना तिथेच सगळं कळलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “मुलाणी, ड्यूटीवर जा. वेळेवर.”

मला मात्र तेव्हा कळलं. पुढच्या महिन्यात इलाहीच्या कंत्राटाचं नूतनीकरण होतं. त्याच्या घरी वर्षाच्या आतली जुळी पोरं होती. त्या हॉलमध्ये सुगंधाने त्याचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळी त्याला फाटकावरूनच परत पाठवलं असतं.

आम्ही दोघं सहा आसनीतून घरी आलो. तिला मध्ये बसवलं होतं, दोन्हीकडून माणसं. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला.

उतरल्यावर मी विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही हॉलमध्ये तोंड पाडून बसला असता आणि सगळ्यांना कळलं असतं.”

“नाव सांगत नाही म्हणायचं मग. डायरेक्ट नवऱ्याचं?”

“नाव सांगितलं नसतं तर मॅडमनी शोधून काढलं असतं. त्यांच्याकडे ड्यूटीच्या वेळा असतात सगळ्या.” ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतला. “कोणाचं तरी घ्यायचंच होतं. दुसऱ्याच्या घरातल्या माणसाचं नाव घ्यायचा मला काय अधिकार? आणि चालवून दाखवायला सांगितलं असतं तर इलाहीचे हात कापले असते. तुमचे कापत नाहीत.”

“दुसऱ्या थांब्यावर कापले.”

“बघितलं मी,” ती म्हणाली. “म्हणून तर बोलले.”

इलाही रविवारी बायको आणि दोन पोरं घेऊन जेवायला आला. सुगंधाने मंगळवारचा विषय निघू दिला नाही. तो दर वेळी तोंड उघडायचा आणि ती त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकायची. शेवटी तो खाऊन खाऊन गप्प झाला.

आठ दिवसांनी डेपोत परिपत्रक लागलं. फलाटाला लागताना उजव्या बाजूला आलेल्या ओरखड्याला मेमो नाही. चार बोटांपेक्षा जास्त फट ठेवली तर नोंद. ‘चार बोटं’ असंच छापलं होतं, काटकरने स्वतः टाइप केलेलं. तो मला म्हणाला, “आता नियम आहे,” आणि खरोखर खूश दिसला. रबराच्या पट्ट्या कोणत्या खात्याने बसवायच्या यावर तीन बैठका झाल्या. चार महिन्यांनी बसल्या. सर्वसाधारण सभेत बेंद्रे दीड तास बोलले आणि मतदानाच्या वेळी चहाला गेले. तळेमाथा मंजूर झाला.

मार्ग सुरू व्हायला सव्वा वर्ष गेलं. पहिली गाडी मला दिली होती, सकाळी सहाची. तळेमाथ्याच्या नव्या थांब्यावर मी फलाटाला लागलो तर सगळी वस्ती उभी होती. कोणी हार आणले होते, कोणी ताशा. बेंद्रे फीत कापायला हजर होते आणि त्यांचा फ्लेक्स आधीच लागला होता. बायकांनी सुगंधाला पुढे ढकललं. तिच्या हातात नारळ दिला, म्हणाल्या, तू फोड.

“नंतर फोडा,” ती म्हणाली. “माझी ड्यूटी सातची आहे.”

नारळ बेंद्रेंच्या हातात ठेवून ती गाडीकडे आली. मी आरशात बघत होतो. पडल्यापासून ती बसमध्ये चढताना आधी खाली बघायची, मग दांडा धरायची, मग चांगला पाय आधी टाकायची, मग दुखरा. त्या दिवशी ती शेजारणीशी भांडत आली. कसलं तरी भांडण, पाण्याच्या नळाचं असावं. बोलता बोलता फलाटावरून आत आली. दुखरा पाय आधी पडला, तिला कळलंही नाही.

पुढची साडेसात वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ती तशीच चढली. खाली न बघता.